दम आणि दमा

मंडळी, भातं झोडून झाली की आपल्या खांब-कोलाड पट्ट्यात कबड्डीची मैदानं आखली जातात. रात्री लाइटखाली सामने, थंडी, धूळ. चढाई करून आलेला एखादा पोरगा छाती धरून खोकत बसतो आणि कडेने आवाज येतो, "अरे, याच्यात दमच नाही!"

बऱ्याचदा सराव कमी असतो, हे खरं. पण कधीकधी तो दमा असतो. आणि हा फरक मान्य करायला मोठमोठ्या देशांनाही फार वेळ लागला.

पळाल्यावर, कसरत केल्यावर श्वास अडकतो, ही नोंद ग्रीक वैद्य अरेटियसने सुमारे १८०० वर्षांपूर्वी केली होती. तरी खेळाडूला दमा असू शकतो हे कुणाच्या गळी उतरत नव्हतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये रिक डीमॉन्ट हा १६ वर्षांचा अमेरिकन पोरगा ४०० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात पहिला आला, तोही एक शतांश सेकंदाने. दम्याच्या गोळीत एफेड्रिन होतं, म्हणून सुवर्णपदक काढून घेतलं. गंमत (खरं तर संताप) अशी की आपण हे औषध घेतो, असं त्याने आधीच फॉर्मवर लिहून दिलं होतं. त्याच्याच संघाच्या डॉक्टरांनी ते पुढे नेलं नाही! पुढच्याच वर्षी बेलग्रेडला हेच अंतर ४ मिनिटांच्या आत पोहणारा तो जगातला पहिला पुरुष ठरला. त्याची चूक नव्हती, हे अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने मान्य केलं २००१ मध्ये. पदक मात्र परत मिळालं नाही.

त्या प्रकरणानंतर डोळे उघडले. १९८४ च्या लॉस एंजेलिसला अमेरिकेने आपले खेळाडू आधीच तपासले. ५९७ पैकी ६७ जणांना हा त्रास निघाला, आणि त्या ६७ जणांनी ४१ पदकं आणली. आता बोला, दम कुणात नव्हता?

होतं काय, तर जोरात धावताना आपण तोंडाने भराभर हवा ओढतो. थंड, कोरड्या हवेने श्वासनलिका आतून सुकतात आणि आवळतात. त्रास बहुधा थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत वाढतो, छातीत शिट्टी वाजते, अर्ध्या-एक तासात उतरतो. म्हणून बघणाऱ्याला नाटक वाटतं.

आपला खेळ तर श्वासावरच उभा. हुतुतूत दम तुटला की गडी बाद. १९३६ ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हाच खेळ बर्लिनला दाखवला. आता चढाई ३० सेकंदांची झाली, पण सराव तसाच दमवणारा. त्यात पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पोरं पहाटे महामार्गाच्या कडेने धावतात. २०११ पासून रखडलेल्या त्या रुंदीकरणाची धूळ कुणाच्या छातीत जाते, सांगायला नको.

सामन्यांना बर्फ असतो, स्प्रे असतो, ट्रॉफ्या कमरेएवढ्या असतात. दम्याचा पंप माहीत असलेला एक माणूस टेबलाजवळ का नसावा? डॉक्टरांनी सांगितलेला सालब्युटामॉलचा पंप ठरलेल्या मात्रेत ऑलिंपिकलाही चालतो. पोरगा वारंवार असा बसत असेल तर फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी करून घ्या. दुसऱ्याचा पंप मागून मारू नका. आणि यंदा मंडळाच्या मिटिंगला ट्रॉफीची उंची ठरवताना हाही विषय काढा.