पेठेला माणसे का येतात?

मराठवाड्यातील जाफराबाद हे पूर्णेच्या काठचे गाव. त्याचा तालुका वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्याला लागून आहे. 1853 साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. मराठवाडा मात्र 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला. अलीकडे हाली शिक्का, पलीकडे इंग्रजी रुपया, आणि मध्ये करोडगिरीची वसुली. सीमेने नाणे बदलले. भाषा व सोयरीक बदलली नाही. अशा मुलखात बाजाराचा दिवस केवळ खरेदीचा नसे. लेकीची खुशाली, पावसाची वार्ता आणि स्थळांची बोलणी तेथेच होत.

मोठ्या शहरांनाही हे उमगले होते. मुंबईत 1869 साली उभ्या राहिलेल्या क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत, गाळ्यांच्या जोडीला कारंजेही बांधले गेले. सावली आणि पाणी मिळाले की पाहुणा रेंगाळतो.

आज लहान गावांच्या पेठांत वाहनांची दाटी झाली आहे, आणि वस्तू तर घरपोच येतात. मग दुकानदाराने कशाच्या बळावर उभे राहावे? आम्हांस वाटते, दारातील झाड, पाण्याचा माठ आणि ओळखीचा शब्द कधीही घरपोच येत नाहीत. पेठ राखायची तर पायी येणाऱ्याला प्रथम उभे राहण्यास जागा द्यावी.