मुरमांची गोळी कुठून आली?

मुरमांसाठी पोटात घ्यायची अँटिबायोटिक गोळी लिहून दिली, की बहुतेकांच्या मनात एकच शंका येते. "ताप नाही, खोकला नाही, मग अँटिबायोटिक कशाला?" काही जण हे विचारतात. काही जण विचारत नाहीत, चार दिवस घेतात आणि बंद करतात. तिसरा प्रकार अगदी उलटा. दीड वर्षापूर्वी कुणीतरी लिहून दिलेली चिठ्ठी दाखवून दर महिन्याला मेडिकलमधून पट्टी आणायची आणि खात राहायचं. पनवेल, कळंबोली, कामोठे, कुठूनही आलेला पेशंट असो, या तिघांपैकी एक असतोच. तिघांच्याही वागण्यामागे या गोळीचा सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास आहे. तो माहीत असला तर गोळी नीट घेता येते, म्हणून आज थोडं मागे जाऊ.

मुरूम काही नवा आजार नाही. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये 'मुखदूषिका' म्हणून तो येतो. तरुणांच्या चेहऱ्यावर येणारे, सावरीच्या काट्यासारखे फोड असं त्याचं वर्णन आहे. ज्याने आपल्याकडच्या काटेसावरीचं खोड पाहिलंय त्याला ही उपमा किती नेमकी आहे हे लगेच कळेल. कारण म्हणून तिथे कफ, वात आणि रक्त सांगितलं आहे. घराघरांत मात्र उपाय चालत आले ते लेपाचे: जायफळ, चंदन, हळद, मुलतानी माती. त्यातले काही निरुपद्रवी, काही त्वचा जाळणारे. पोटातून घेऊन मुरूम खात्रीने कमी करणारं औषध मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नव्हतं.

ते सापडलं मातीत. (मराठीत रस्त्यावर टाकायच्या खडीमिश्रित मातीलाही मुरूमच म्हणतात, हा निव्वळ योगायोग!) अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या शेतातल्या, गवत वाढवलेल्या एका तुकड्यातल्या मातीच्या नमुन्यात बेंजामिन डगर या सत्तरी ओलांडलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला सोनेरी रंगाचा एक जिवाणू मिळाला. त्याच्यापासून बनलेलं ऑरिओमायसिन १९४८ मध्ये जगापुढे आलं. टेट्रासायक्लिन कुटुंबातलं हे पहिलं औषध. डगर ज्या लेडर्ली कंपनीत काम करत होते, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. औषध जाहीर झालं त्याच वर्षी ते वारले. आपल्याकडे त्यांचं नाव अजूनही फारसं कुणाला ठाऊक नसतं, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

पुढच्या दोन-तीन वर्षांतच, १९५१ च्या सुमारास, त्वचारोगतज्ज्ञांनी ही औषधं मुरमांवर वापरायला सुरुवात केली. गुण येत होता, पण का येतो हे नीट कळत नव्हतं. आज जे कळलंय ते असं. मुरूम ही जखमेत पू होण्यासारखी साधी 'लागण' नव्हे. तारुण्यात तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, रोमरंध्राचं तोंड मृत पेशींनी बुजतं, आणि आत अडकलेल्या तेलावर एक जिवाणू पोसला जातो. हा जिवाणू सगळ्यांच्याच त्वचेवर असतो, बाहेरून येत नाही. त्याच्यामुळे शरीर चवताळतं आणि लाल, दुखरा फोड उठतो. टेट्रासायक्लिन हा जिवाणू कमी करतंच, पण शरीराचं ते चवताळणंही शांत करतं. म्हणून ताप नसतानाही ही गोळी. आणि म्हणूनच फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. चौथ्या दिवशी "काहीच झालं नाही" म्हणून बंद करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

भारतात अँटिबायोटिक बनवायला सुरुवात झाली ती आपल्या शेजारी. घाट चढून पलीकडे गेलं की पिंपरी. तिथे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, मुख्यतः पेनिसिलिनसाठी. तिथल्या शास्त्रज्ञांनी पिंपरीच्याच मातीतल्या एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. त्या जिवाणूच्या नावातच पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आता गंमत बघा. अँटिबायोटिक बरेच दिवस घेतलं की काही स्त्रियांना योनिमार्गात बुरशी वाढून खाज सुटते, पांढरं जातं. लाजेने कुणी सांगत नाही, आणि "मुरमांच्या गोळीचा याच्याशी काय संबंध?" असंही वाटतं. संबंध आहे. अशा त्रासावर वापरायला पिंपरीचं हॅमायसिन होतं. आज दुसरी औषधंही आहेत, पण आधी सांगायला हवं.

पुढे सोव्हिएत मदतीने ऋषिकेशला आयडीपीएलचा कारखाना आला. १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून लागू झाला. त्यात औषधावर नव्हे तर फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळू लागलं, आणि देशी कंपन्यांनी तीच औषधं वेगळ्या पद्धतीने, स्वस्तात बनवली. गरिबाला औषध परवडू लागलं, ही फार मोठी गोष्ट. पण स्वस्ताई आली तशी सैलपणाही आला. टेट्रासायक्लिनची कॅप्सूल सर्दीलाही आणि जुलाबालाही, असा काळ होता. लहान मुलांना याचं पातळ औषध दिलं जायचं. हे औषध घडत असलेल्या दातांमध्ये जाऊन बसतं आणि दात कायमचे पिवळे-करडे होतात, हे १९५० च्या दशकातच लक्षात यायला लागलं होतं. नंतर आपल्या सरकारने टेट्रासायक्लिनच्या पातळ औषधांवर बंदी घातली. आजही मुरमांसाठी ही गोळी आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना देत नाहीत, त्याचं मूळ इथे आहे. दिवस राहिले असतील किंवा राहण्याची शक्यता असेल, तर गोळी लिहिण्याआधी डॉक्टरांना सांगा.

त्याच काळातली घराघरातली एक समजूत म्हणजे "गोळ्या गरम पडतात, दुधाबरोबर घे." आईचं प्रेम खरं, पण दुधातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिनला धरून ठेवतं आणि जुन्या टेट्रासायक्लिनचा निम्म्याहून अधिक भाग रक्तात पोचतच नसे. औषध खाऊनही न खाल्ल्यासारखं! १९६७ पासून वापरात आलेल्या डॉक्सिसायक्लिनला दूध तेवढं नडत नाही, पण लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ॲसिडिटीची पांढरी औषधं नडतात. त्यांच्यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

डॉक्सीची खरी तक्रार वेगळी आहे. रात्री झोपताना घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतली आणि आडवं झालं, की ती अन्ननलिकेत अडकते आणि तिथे व्रण करते. सकाळी छातीत असं दुखतं की घरचे हार्टचा पेशंट समजून धावपळ करतात. उपाय साधा आहे: जेवणानंतर, बसून, ग्लासभर पाण्याबरोबर घ्या, आणि निदान अर्धा तास आडवं होऊ नका. दुसरा त्रास उन्हाचा. भर उन्हात क्रिकेट खेळणारी, डिलिव्हरीचं काम करणारी मुलं "तोंड भाजलं" म्हणत येतात. गोळी चालू असेपर्यंत टोपी आणि सनस्क्रीन हवंच.

आता त्या तिसऱ्या प्रकाराकडे, दीड वर्ष गोळी खाणाऱ्याकडे. यासाठी पनवेलहून लांब जायला नको. नेऱ्याच्या शांतिवनात कुष्ठरुग्णांसाठी जे काम उभं राहिलं, त्या आजाराचा इतिहास पाहा. अनेक वर्षं कुष्ठरोगावर डॅप्सोन हे एकच औषध दीर्घकाळ दिलं जात होतं. (तीव्र मुरमांसाठीही ते कधीकाळी पोटातून दिलं जायचं.) १९६४ मध्ये मलेशियातून पुरावा आला, की कुष्ठरोगाचे जंतू डॅप्सोनला दाद देईनासे झाले आहेत. शेवटी १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधं एकत्र द्यायला सांगितलं. मुरमांच्या जिवाणूचंही तसंच झालं. १९७९ मध्ये एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनला न जुमानणारे जिवाणू मुरमांच्या रुग्णांत सापडले, आणि पुढे टेट्रासायक्लिनलाही.

मुरमांनी कुणी मरत नाही. पण गोळी फक्त चेहऱ्यावर जात नाही. आतड्यातल्या, घशातल्या सगळ्या जिवाणूंना ती रोज भेटते. आपल्याकडे मुरमांसाठी आठवड्यातून तीन दिवस अझिथ्रोमायसिन द्यायची पद्धत बरीच रुळली आहे. तेच अझिथ्रोमायसिन आज टायफॉइडमध्ये उरलेल्या मोजक्या तोंडी औषधांपैकी एक आहे. मला स्वतःला हा सौदा पटत नाही, आणि डॉक्सी चालत असेल तर मी अझिथ्रो लिहीत नाही.

म्हणून आता गोळीची मुदत साधारण तीन ते चार महिने. सोबत बेंझॉइल परॉक्साइड लावायला दिलेलं असतं, कारण त्याला जिवाणू सरावत नाहीत. गोळी बंद झाल्यावरही ॲडापॅलिनसारखं लावायचं औषध चालू ठेवायचं असतं. "बंद केलं की परत येतात" ही तक्रार बहुधा हा शेवटचा भाग गाळल्याने येते. तरीही हटत नसतील, डाग-खड्डे पडत असतील, तर आयसोट्रेटिनॉइनचा विचार होतो. ते अँटिबायोटिक नव्हे. आणि डॉक्सीसोबत ते कधीही घ्यायचं नाही, कारण दोन्ही मिळून मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. गोरं करणारी स्टिरॉइडची क्रीम लावून मुरूम आले असतील, तर आधी ती क्रीम दाखवा. नुसत्या गोळीने ते जाणार नाहीत.

एक खास आपल्याकडची गोष्ट राहिली. २६ जुलै २००५ च्या पावसानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, आणि तेव्हापासून पुराच्या पाण्यातून चाललेल्यांना डॉक्सीच्या गोळ्या देतात. हीच ती गोळी. गाढी नदीचं पाणी चढलं आणि आरोग्य कर्मचारी दारात आले, तर मुरमांसाठी डॉक्सी चालू आहे हे त्यांना सांगा, डोस स्वतःहून दुप्पट करू नका. आणि गोळी चालू असतानाही ताप, पिंढऱ्यांत दुखणं किंवा डोळे लाल होणं सुरू झालं, तर "मी तर आधीच घेतोय" म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी दाखवायला या.