अंगावर काढलेले दुखणे

तारापूर-बोईसरच्या बाजूला कर्करोगाचा विषय निघाला की बोलणे अणुवीजकेंद्राकडे वळते. १९६९ पासून ते केंद्र या किनाऱ्यावर उभे आहे, तेव्हा यात नवल नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ मात्र एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गात असते, आणि रोग होण्याच्या कितीतरी वर्षे आधी पेशींतील बदलांवरून त्याची चाहूल लागू शकते. तारापूरचे केंद्र ज्या अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली येते, त्याच विभागाकडे १९६२ मध्ये मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय सोपवले गेले. या तपासणीचा महाराष्ट्रातील इतिहास त्या रुग्णालयाला वगळून लिहिता येत नाही. पण त्याचा सर्वांत बोलका भाग घडला तो बार्शी आणि उस्मानाबादच्या (आजच्या धाराशिवच्या) खेड्यांत.

‘आपल्या बायका दुखणे अंगावर काढतात’ हे वाक्य दवाखान्यापासून माजघरापर्यंत ऐकू येते. त्यात तथ्य आहे, आणि सोयही. सगळा दोष बाईच्या लाजेवर ढकलला की इतरांना काही करावे लागत नाही. ‘अंगावरून जाते’, ‘पिशवीचा त्रास आहे’ ही आडपडद्याची भाषा याच लाजेचा पुरावा म्हणून दाखवली जाते. आम्हाला तसे वाटत नाही. नाव घेता न येणाऱ्या गोष्टीविषयी बोलण्याची वाट बायकांनी या शब्दांतून काढलेली आहे. प्रश्न ऐकणारे कोणी आहे की नाही, एवढाच.

बार्शीत ऐकणारे पोहोचले. १९८७ मध्ये तेथे ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. खेड्यातला रुग्ण रुग्णालयाच्या दप्तरात सापडत नाही, म्हणून कार्यकर्ते स्वतःच गावोगाव फिरू लागले. लक्षणे समजावून सांगू लागले, संशयित रुग्णांना तपासणीसाठी पाठवू लागले. काही वर्षांतच या भागात गर्भाशयमुखाचे कर्करोग आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागल्याचे दिसले. यंत्र नवे नव्हते, औषध नवे नव्हते. कोणीतरी दारात येऊन बोलले होते.

पुढे १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा समावेश असलेला मोठा अभ्यास सुरू झाला. ज्यांना तपासणी देऊ केली गेली अशा १,००,८०० स्त्रियांपैकी ७९,४४९ जणी आल्या, म्हणजे जवळजवळ पाचांतल्या चार. न येणाऱ्यांकडे पाहावे. आलेल्यांमध्ये तरुण, शिकलेल्या, विवाहित आणि कुटुंबनियोजनाचे साधन कधीतरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. हा शेवटचा तपशील आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या बाईने आरोग्यसेवेचा उंबरठा एकदा ओलांडला होता, तिला तो दुसऱ्यांदा ओलांडणे सोपे गेले असावे. आपली सरकारी व्यवस्था बाईला ओळखते ती प्रामुख्याने बाळंतपण आणि ‘ऑपरेशन’ यांपुरती. ते उरकले की तिचे नाव नोंदवहीतून जणू पुसले जाते. आणि तपासणीचे वय नेमके त्यानंतर सुरू होते. वयस्क, विधवा, निरक्षर बाई तर त्या नोंदवहीच्या फारच दूर.

२००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले होते. चाचणी झालेल्या गटात ३४ स्त्रिया दगावल्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न दिलेल्या तुलनेच्या गटात ६४. त्या ६४ जणींविषयी पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. तपासणी उपयोगी पडते हे पाश्चात्त्य देशांच्या अनुभवावरून आधीच ठाऊक असताना एक गट तपासणीविना ठेवावा का? तेव्हा खेड्यांत एरवीही तपासणी नव्हतीच, हे अभ्यासाच्या बाजूचे उत्तर. ते उत्तर खरे होते, हीच त्यातली अस्वस्थ करणारी बाब.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने ३० ते ६५ वयोगटासाठी दर पाच वर्षांनी तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के.