सोमल

सोमल : आर्सेनिक (अणुक्रमांक ३३) या मूलद्रव्याचे पांढरे ऑक्साइड. रसायनशास्त्रात याला आर्सेनिक ट्रायऑक्साइड म्हणतात. संस्कृत ग्रंथांत गौरीपाषाण, तर हिंदीत संखिया. तांब्याची आणि कथिलाची काही खनिजे भाजताना धुराड्याच्या आतल्या बाजूला याचा थर साचतो. तो खरवडून शुद्ध केला की मैद्यासारखी भुकटी मिळते. तिला वास नाही आणि चव जवळजवळ नाही. थंड पाण्यात ती फारच थोडी विरघळते, उकळत्या पाण्यात जास्त. न विरघळलेली भुकटी भांड्याच्या तळाशी बसते. निखाऱ्यावर टाकल्यास मात्र लसणासारखा वास येतो. पिवळी हरताळ आणि तांबडी मनशीळ ही आर्सेनिकाची गंधकयुक्त खनिजे. पोथी लिहिताना चुकलेल्या अक्षरांवर लेखनिक हरताळीचा लेप देत. जुन्या हस्तलिखितांत ते पिवळे पट्टे आजही दिसतात आणि त्यांना कसर सहसा लागलेली नसते.

प्रौढ माणसाला मारायला साधारण १०० ते ३०० मिलिग्रॅम सोमल पुरतो, म्हणजे चिमूटभरही नको. पेशींतील प्रथिनांच्या गंधकयुक्त गटांना आर्सेनिक चिकटते आणि अन्नापासून ऊर्जा मिळवण्याची साखळी तोडते. काही वेळातच उलट्या सुरू होतात, पोटात मुरडा येतो, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात, पायात गोळे येतात. हे चित्र पटकीच्या चित्राशी इतके जुळते की साथीच्या दिवसांत एखादा खून सहज पचून जाई. थोडा थोडा सोमल बराच काळ पोटात गेला, तर तळहात-तळपाय जाड आणि खरखरीत होतात, कातडीवर पावसाच्या थेंबांसारखे डाग उठतात, हातापायांना मुंग्या येतात, नखांवर पांढऱ्या आडव्या रेषा उमटतात. केस आणि नखे आर्सेनिक धरून ठेवतात. दहनानंतर उरलेली हाडे आणि राख यांतही ते सापडू शकते.

भारतीय रसशास्त्राने सोमलाला औषधांत जागा दिली, पण ती फार सावधपणे. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात गौरीपाषाण साधारण रसांत मोडतो, हरताळ आणि मनशीळ उपरसांत. यांपैकी काहीही शोधन केल्याशिवाय वापरायचे नाही, हा नियम. सोमलाच्या शोधनासाठी दोलायंत्र सांगितले आहे : मडक्यात कारल्याचा रस घालायचा, सोमलाचे खडे कापडात बांधून ती पुरचुंडी आडव्या काठीला लोंबती ठेवायची आणि खालून मंद आच द्यायची. पुरचुंडी रसात बुडालेली हवी, पण बुडाला टेकता कामा नये. हरताळीसाठी कोहळ्याचा रस. जुनाट ताप, दमा, त्वचारोग यांवर ही औषधे अत्यल्प मात्रेत दिली जात. ही सगळी खबरदारी पाहता द्रव्याच्या मारकपणाची जाण त्या वैद्यांना पुरेपूर होती, असेच म्हणावे लागते. शोधनाने सोमल निर्विष होतो, हा समज मात्र धोक्याचा आहे. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे आणि उकळून ते नाहीसे होत नाही.

युरोपात सतराव्या शतकात सोमलाची कीर्ती गुन्ह्यांमुळे पसरली. रोममध्ये १६५९ साली विष विकणाऱ्या स्त्रियांची एक टोळी पकडली गेली आणि तिची म्होरकी जिरोनिमा स्पाना हिच्यासह पाच जणींना फाशी झाली. त्यांच्या ‘तोफाना पाण्या’चा मुख्य घटक सोमल होता, असे मानतात. पॅरिसमध्ये वडिलांचा आणि भावांचा बळी घेणारी मार्क्विज द ब्रँव्हिलिये हिचा १६७६ मध्ये शिरच्छेद झाला. पाठोपाठ विषप्रकरणांची अशी मालिका उघडकीस आली की तिचे धागे थेट राजदरबारापर्यंत गेले. अखेर चौदाव्या लुईने १६८२ मध्ये हुकूम काढून विषारी द्रव्यांच्या विक्रीवर बंधने घातली आणि विक्रीची नोंद सक्तीची केली. पुढच्या सगळ्या विषकायद्यांचा पाया या नोंदवहीत आहे.

पोटातला सोमल ओळखण्याची खात्रीची रीत मात्र आणखी दीडशे वर्षे मिळाली नाही. ती दिली जेम्स मार्श (१७९४–१८४६) या वुलिच येथील शस्त्रागारातल्या रसायनज्ञाने. आजोबाच्या कॉफीत विष घातल्याचा आरोप असलेल्या जॉन बॉडल नावाच्या तरुणाच्या खटल्यात मार्शने सोमल शोधून काढला होता, पण त्याचा पिवळा साका न्यायालयात दाखवेपर्यंत बिघडला आणि आरोपी सुटला. त्या अपयशातून १८३६ ची मार्श कसोटी आली. संशयित द्रव्यात जस्त आणि सल्फ्यूरिक आम्ल घालायचे. आर्सेनिक असेल तर आर्सीन वायू निघतो. तो तापलेल्या काचनळीतून जाऊ दिला की पुढच्या थंड भागावर काळसर, चकाकता आरसा धरतो. मिलिग्रॅमच्या अगदी लहान अंशानेही तो उमटतो. फ्रान्समध्ये तुल येथे १८४० साली मारी लाफार्ज हिच्यावर पतीच्या खुनाचा खटला चालला, तेव्हा स्थानिक रसायनज्ञांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. मग पॅरिसहून मातेओ ऑर्फिला आला. त्याने प्रेताच्या अवयवांत आर्सेनिक दाखवलेच, शिवाय ते थडग्याच्या मातीतले किंवा कसोटीच्या रसायनांतले नाही, हेही पडताळून दाखवले. मारीला जन्मठेप झाली. न्यायवैद्यकाच्या इतिहासात ऑर्फिलाची ही दुसरी पायरी पहिलीइतकीच मोलाची आहे.

ब्रिटनने १८५१ मध्ये सोमलाच्या विक्रीचा स्वतंत्र कायदा केला. गिऱ्हाईक दुकानदाराच्या ओळखीचे किंवा ओळखीच्या साक्षीदारासह आलेले असावे, वहीत नाव आणि कारण लिहून सही घ्यावी, किरकोळ विक्रीच्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळावी, म्हणजे पांढरी भुकटी साखर वा पीठ म्हणून खपणार नाही. तरीही १८५८ मध्ये ब्रॅडफर्ड येथे मिठाईत घालायच्या स्वस्त भेसळीऐवजी औषधाच्या दुकानातून चुकून सोमल दिला गेला आणि सुमारे वीस माणसे दगावली. मुंबई इलाख्यात विषविक्रीवर १८६६ पासून कायदा होता. अखिल भारतीय कायदा १९०४ मध्ये आला आणि त्याची जागा १९१९ च्या कायद्याने घेतली. आपल्याकडे सोमलाचा बळी माणसाइतकाच गुरांचाही होता : कातड्यासाठी जनावरे विष घालून मारण्याचे गुन्हे ब्रिटिश अमदानीतील रासायनिक विश्लेषकांकडे सतत येत.

बडोद्याचे प्रकरण. मराठी वाचकाच्या दृष्टीने सोमलाचा सर्वांत महत्त्वाचा खटला बडोद्याचा. बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड आणि तेथील ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर यांचे भांडण विकोपाला गेले होते. दादाभाई नौरोजी त्या वेळी मल्हाररावांच्या दरबारी दिवाणगिरी सांभाळत होते आणि फेअरशी त्यांचेही जमत नव्हते. नोव्हेंबर १८७४ च्या आरंभी महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता पाठवून फेअरला परत बोलवावे, अशी मागणी केली. त्यानंतर आठवडाभरातच, ९ नोव्हेंबरच्या सकाळी, फेअर रपेट करून आला. रोजच्याप्रमाणे पपनसाच्या सरबताचा पेला त्याच्या खोलीत ठेवलेला होता. दोन-तीन घोट घेतल्यावर त्याला मळमळले. पपनस खराब असेल असे वाटून त्याने उरलेले सरबत बाहेर फेकले आणि पेला खाली ठेवताना तळाशी राहिलेला गडद गाळ त्याच्या नजरेस पडला. त्याने लगेच रेसिडेंसीचे डॉक्टर सीवर्ड यांना बोलावले. गाळ मुंबईला सरकारी विश्लेषक डॉ. ग्रे यांच्याकडे गेला. त्यात सोमल असल्याचा निर्वाळा मिळाला आणि हिऱ्याची पूडही असल्याचे सांगण्यात आले.

हिऱ्याची पूड आतडी कापते, हा तेव्हाचा दृढ समज. प्रत्यक्षात ती विष नाही. जीव घेण्याची ताकद होती ती सोमलात, पण थंड सरबतात तो फारसा विरघळत नाही. बहुतेक विष तळाशीच राहिले असणार, आणि फेअर वाचला याचे कारण बहुधा हेच.

तपासासाठी मुंबईचे पोलीस आयुक्त फ्रँक सूटर आले. रेसिडेंसीतला हवालदार रावजी आणि जमादार नरसू यांनी कबुली दिली आणि महाराजांचे खासगी कारभारी दामोदरपंत हेही फिरले. सोमल घोड्याच्या औषधासाठी म्हणून मागवला होता, असे त्यांच्या साक्षीत आले. जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली आणि २३ फेब्रुवारीपासून विशेष आयोगापुढे चौकशी सुरू झाली. सर रिचर्ड कौच अध्यक्ष. मीड आणि मेल्व्हिल हे दोन इंग्रज सदस्य. हिंदी सदस्य ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव. मल्हाररावांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित बॅरिस्टर आणवला होता. त्याने साक्षी-पुराव्यांची चिरफाड केली. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, तीही पोलिसांनी इतक्या उशिरा कशी ‘शोधली’, हा त्याचा प्रश्न अखेरपर्यंत टोचत राहिला. निकाल तीन विरुद्ध तीन लागला : इंग्रज सदस्यांना आरोप सिद्ध वाटला, हिंदी सदस्यांना नाही.

पेल्यात सोमल होता, हे रसायनशास्त्राने निःसंशय सांगितले. तो कोणी घातला आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे सांगायला होते फक्त माफीचे साक्षीदार. संस्थानात ब्रिटिश मुलखातला विषकायदा लागू नव्हता, तेव्हा विश्वास ठेवावा अशी सक्तीची नोंदवहीही नव्हती. सरकारने मग विषाचा मुद्दाच बाजूला ठेवला आणि एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना पदच्युत केले. हे न्यायाचे टाळणे होते. कारभार वाईट होता म्हणून काढायचे तर त्यासाठी विषप्रयोगाचा खटला उभा करण्याची गरज नव्हती. आणि खटला उभा केला तर संशयाचा फायदा आरोपीला मिळायला हवा होता. मल्हाररावांची रवानगी मद्रासला झाली आणि १८८२ मध्ये ते तेथेच वारले. गादीवर दत्तक आला तो नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा, पुढचे सयाजीराव तिसरे. या प्रकरणाने देशभर खळबळ उडाली. बंगालीत अमृतलाल बसू यांनी त्याच वर्षी ‘हीरकचूर्ण’ हे नाटक लिहिले.

त्याच शतकात सोमल घरोघरच्या औषधाच्या कपाटातही होता. स्टॅफर्डचा डॉक्टर टॉमस फाउलर (१७३६–१८०१) याने १७८६ मध्ये पोटॅशियम आर्सेनाइटचा एक टक्क्याचा द्रव प्रसिद्ध केला. हिवतापावरची एक बेचव पेटंट औषधी गुणकारी ठरत होती. तिच्यात सोमल असल्याचे कळल्यावर फाउलरने त्याचे ठरावीक प्रमाण बांधून दिले. पाणी समजून कोणी पिऊ नये म्हणून त्यात लव्हेंडरचा अर्क घातला जाई. हिवताप, दमा, सोरायसिस आणि १८६५ पासून रक्ताचा कर्करोग अशा रोगांवर ‘फाउलरचा द्रव’ दीडशेहून अधिक वर्षे चालला. दीर्घकाळ घेणाऱ्यांना त्वचेचा कर्करोग होतो, हे जोनाथन हचिन्सनने १८८० च्या दशकात दाखवले, तरी वापर लगेच थांबला नाही. औषध म्हणून असलेली ही प्रतिष्ठा गुन्हेगारांच्या आणि वकिलांच्याही कामी आली. लिव्हरपूलच्या फ्लॉरेन्स मेब्रिकवर १८८९ मध्ये पतीला सोमल घातल्याचा आरोप होता. तिने माश्या मारायचे विषारी कागद भिजवल्याचे पुढे आले, तसेच पती स्वतःच ताकदीसाठी सोमल घेई, हेही पुढे आले. तिची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. आग्र्याच्या दुहेरी खुनाच्या प्रकरणात तर लेफ्टनंट हेन्री क्लार्क हा लष्करी वैद्यकीय खात्यातलाच माणूस होता. प्रेयसी ऑगस्टा फुलम हिला तो टपालाने पुड्या पाठवी आणि ती त्या मेरठमध्ये ‘टॉनिक’ म्हणून पतीला देई. पती ऑक्टोबर १९११ मध्ये मेला. वर्षभराने क्लार्कच्या पत्नीचा खून झाला, तेव्हा ऑगस्टाच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत दोघांची शेकडो पत्रे सापडली. क्लार्कला १९१३ मध्ये फाशी झाली.

पाउल एर्लिख (१८५४–१९१५) याने आर्सेनिकाला नवे वळण दिले. रोगजंतूला नेमके वेधणारे आणि रोग्याला शक्य तितके सोडून देणारे संयुग बनवायचे, असा त्याचा ध्यास. ॲटॉक्सिल हे आधीचे आर्सेनिकी औषध निद्रारोगावर वापरले जाई, पण काही रोग्यांची दृष्टी गेली. फ्रँकफर्टच्या प्रयोगशाळेत एकेक संयुग बनवून तपासले जाऊ लागले आणि १९०९ मध्ये जपानहून आलेल्या साहाचिरो हाता याने सशांवरील प्रयोगांत क्रमांक ६०६ उपदंशावर गुणकारी ठरवले. पुढच्या वर्षी ते साल्व्हरसान या नावाने बाजारात आले. पिवळी पूड हवेत बिघडे म्हणून बंद काचनळीतून येई. ऐनवेळी विरघळवून, आम्लता घालवून टोचावी लागे. त्यात चूक झाली की हात जाई, कधी जीवही. पेनिसिलीन येईपर्यंत उपदंशाच्या रोग्याला याच औषधाचा आधार होता. दुसऱ्या महायुद्धात आर्सेनिकी युद्धवायूवर उतारा म्हणून ऑक्सफर्डला डायमरकॅप्रॉल तयार झाले. सोमलाच्या विषबाधेवर ते अजून वापरतात.

कोविडच्या काळात ‘आर्सेनिकम अल्बम ३०’ या सोमलापासून केलेल्या होमिओपॅथीच्या गोळ्या महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर वाटल्या गेल्या. ‘३०’ या विरलतेत सोमलाचा एक रेणूही उरत नाही. त्यामुळे त्या विषारी नव्हत्या आणि संसर्गापासून संरक्षण देत असल्याचा पुरावाही नव्हता.

सोमलाचे औषधांतले पुनरागमन चीनमधून झाले. हार्बिनच्या वैद्यकीय विद्यापीठातील झांग तिंगदोंग आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात एका लोकवैद्याच्या मिश्रणाची छाननी केली. त्यात सोमल, पारा आणि भेकाचे विष होते. गुण सोमलाचा निघाला. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात दोन जनुके चुकीची जोडली जाऊन एक विकृत प्रथिन तयार होते आणि सोमल नेमके तेच प्रथिन नष्ट करवतो. अमेरिकेत २००० साली त्याला मान्यता मिळाली. ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्लाबरोबर दिल्यास मध्यम वा कमी जोखमीचे नव्वद टक्क्यांहून अधिक रोगी वाचतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने एकट्या सोमलावर उपचार करून चांगले निष्कर्ष मिळवले, आणि औषध स्वस्त असल्याने भारतीय रोग्यांसाठी त्याचे मोल मोठे आहे. मात्रा दर किलो वजनामागे रोज ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ९ मिलिग्रॅम, शिरेतून सावकाश. हृदयाचा ठोका अनियमित होण्याचा धोका असल्याने उपचारभर ईसीजी काढतात आणि रक्तातील पोटॅशियम व मॅग्नेशियम तपासत राहतात.