केंद्रोत्सारी पंपांतील दोषनिदान : एक ऐतिहासिक आढावा

कारखान्यातील केंद्रोत्सारी पंप पुरेसे पाणी देईनासा झाला की पहिला ठपका पंपावरच येतो. इंपेलर बदलला जातो, प्रसंगी पंपही बदलला जातो आणि नव्याचीही तीच गत होते. दोष यंत्रात आहे की यंत्रापर्यंत पोहोचणाऱ्या द्रवाच्या स्थितीत, हा भेद अभियंत्यांना क्रमाक्रमाने उमगत गेला. त्या प्रवासाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शोषणपंप ठरावीक उंचीपलीकडे पाणी ओढत नाही, याची नोंद गॅलिलिओने १६३८ मध्ये केली. पाणी ओढले जात नसून वातावरणाचा दाब ते वर ढकलतो, हे टॉरिचेलीने १६४४ पर्यंत स्पष्ट केले. समुद्रसपाटीवर ही मर्यादा सुमारे १०.३ मीटर असते. केंद्रोत्सारी पंपही या नियमाला अपवाद नाही.

काही वेळा मात्र दोष खरोखरच यंत्राचा असे. लंडन येथील १८५१ च्या महाप्रदर्शनात जॉन अ‍ॅपोल्डच्या पंपाची चाचणी झाली. वक्र पात्यांच्या चक्राची कार्यक्षमता ६८ टक्के, तर सरळ त्रिज्य पात्यांच्या चक्राची अवघी २४ टक्के भरली. पात्याचा आकार हाच येथे निर्णायक ठरला. या यशामुळे यंत्राची रचना सुधारली की सर्व काही साधते, अशी समजूत दृढ झाली असल्यास नवल नाही.

पुढचा धडा पंपातून नव्हे, तर जहाजाच्या पंख्यातून मिळाला. चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ नौकेला १८९४ च्या चाचण्यांत अपेक्षित वेग गाठता येईना. टर्बाइनमध्ये शक्ती होती. परंतु वेगाने फिरणाऱ्या पंख्याभोवती दाब इतका घटत होता की पाण्यात बाष्पाच्या पोकळ्या निर्माण होत. एका आसाऐवजी तीन आस व नऊ पंखे बसवल्यावर १८९७ मध्ये नौकेने सुमारे ३४ नॉट वेग गाठला. या घटनेला ‘कॅव्हिटेशन’ हे नाव आर. ई. फ्राउड यांनी सुचवले. पोकळी मिटताना प्रचंड स्थानिक दाब निर्माण होतो, हे लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये गणिताने दाखवले.

पंपाच्या इंपेलरच्या मुखाशी हेच घडते. आत खडी फिरत असल्यासारखा आवाज येतो, पाती खड्ड्याखड्ड्यांनी झिजतात व दाब घसरतो. पाणी ८० अंश सेल्सिअसचे असेल, तर त्याचा बाष्पदाबच वातावरणदाबाच्या जवळजवळ निम्मा असतो. मग शोषणासाठी उरते ते थोडेच. अशा वेळी इंपेलर बदलून काय साधणार? टाकी उंचावणे किंवा शोषणनळ आखूड व रुंद करणे हाच उपाय. प्रवाह कमी करायचा झाल्यास डिलिव्हरीची झडप आवळावी. शोषणाची आवळल्यास दोष बळावतो.

महाराष्ट्रात किर्लोस्करवाडी येथे १९२६ च्या सुमारास केंद्रोत्सारी पंपांची निर्मिती सुरू झाली. दख्खनच्या पठारावर वर उल्लेखिलेली मर्यादा आणखी आक्रसते. पुण्याच्या सुमारे ५६० मीटर उंचीवर ती ९.७ मीटरच्या आसपास येते.

त्रिफेज विद्युत मोटारींनी या निदानात आणखी एक फसवे कारण आणले. दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटार उलटी फिरते. तरीही पाणी डिलिव्हरीतूनच बाहेर पडते, फक्त दाब व प्रवाह कमी असतो. पंप चालू दिसत असल्याने शंका इंपेलरवर जाते. वास्तविक त्या दोन तारा पुन्हा बदलल्या की पंप पूर्ववत चालतो.