यजमान संघाचे गाव

फुटबॉलच्या निकालपत्रात एक साधी रीत आहे. ज्याच्या मैदानावर सामना, त्या संघाचे नाव आधी, पाहुण्यांचे नंतर. जॉर्जियाच्या लीगचे जुने निकाल आणि गुणतक्ते मी काही वर्षांपासून जुळवतो आहे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जॉर्जियन लिपीची तेहतीस अक्षरे शिकलो, तीही हे तक्ते वाचता यावेत म्हणून. या कामात एक गोष्ट सारखी खटकत राहिली. काही संघांचे नाव यजमान म्हणून आधी छापलेले असते. पण ते नाव ज्या गावाचे, त्या गावात सामना झालेलाच नसतो.

गाग्रा हा असा एक संघ. गाग्रा हे काळ्या समुद्राच्या काठावरचे, रशियाच्या सीमेजवळचे गाव. झारच्या काळात विसाव्या शतकाच्या आरंभी ते आरोग्यस्थान म्हणून वसवले गेले आणि सोव्हिएत काळात सुट्टी घालवण्याचे आवडते ठिकाण झाले. गाव आहे अबखाझियात, मात्र त्याच्या नावाचा हा क्लब 2004 मध्ये स्थापन झाला तो राजधानी तिबिलिसीत. म्हणजे हा संघ गाव सोडून गेलेला नाही; गाव सुटल्यानंतर अकरा-बारा वर्षांनी तो जन्मला. त्याचे पहिले पाऊलच परगावी पडले.

हे कसे घडले ते समजायला थोडे मागे जावे लागते. 1989 च्या जनगणनेत अबखाझियाच्या लोकसंख्येत जॉर्जियन 45.7 टक्के होते, तर अबखाझ 17.8 टक्के. आपल्याच भूमीत आपण अल्पसंख्य झालो ही अबखाझांची सल होती. सोव्हिएत संघ मोडला तर अबखाझिया हातचा जाईल ही जॉर्जियनांची भीती होती. या दोन्ही भावनांची नोंद राजकारणाच्या ग्रंथांत सापडते, तशी ती फुटबॉलच्या तक्त्यांतही सापडते. 1990 मध्ये जॉर्जियाने सोव्हिएत स्पर्धांतून अंग काढून घेतले आणि स्वतःची लीग सुरू केली. अबखाझियाची राजधानी सुखुमी. तिथला ‘दिनामो सुखुमी’ मात्र सोव्हिएत लीगमध्येच राहिला. त्याच शहराचा ‘त्स्खुमी’ नावाचा दुसरा संघ जॉर्जियन लीगमध्ये उतरला. त्स्खुमी हे सुखुमीचेच जुने जॉर्जियन नाव. युद्ध सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी एका शहराचे दोन संघ झाले होते आणि ते दोन वेगवेगळ्या देशांच्या तक्त्यांत खेळत होते. पुढे काय होणार हे त्या तक्त्यांत आधीच लिहिलेले होते, असे मी म्हणणार नाही. दुभंग कुठून जाणार, ती रेघ मात्र दिसत होती.

1991-92 च्या हंगामात त्स्खुमी जॉर्जियन लीगमध्ये दुसरा आला. त्याच ऑगस्टमध्ये, 14 तारखेला, जॉर्जियन फौजा अबखाझियात शिरल्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गाग्रा अबखाझ बाजूच्या ताब्यात गेले आणि 27 सप्टेंबर 1993 रोजी सुखुमी. दोन लाखांहून अधिक जॉर्जियन घरेदारे सोडून एंगुरी नदीपलीकडे आले. बंद पडलेली हॉटेले, शाळा, वसतिगृहे यांत त्यांचे संसार मांडले गेले. त्स्खुमी आणखी काही हंगाम खेळला, पण घरच्या मैदानाविना, आणि मग वरच्या लीगमधून दिसेनासा झाला.

गाग्रा मात्र तगला, इतकेच नव्हे तर 2011 मध्ये त्याने जॉर्जियाचा राष्ट्रीय चषक जिंकला. त्यामुळे युरोपा लीगच्या पात्रता फेरीचे दार उघडले आणि सोडतीत समोर आला सायप्रसचा अनोर्थोसिस फामागुस्ता. हा योगायोग मला सगळ्या कागदांत मोलाचा वाटतो. 1911 साली फामागुस्तात स्थापन झालेला अनोर्थोसिस 1974 च्या तुर्की आक्रमणात आपल्या शहराला मुकला. तेव्हापासून तो लार्नाका शहराच्या आश्रयाने आहे. तिथे त्याने 1986 मध्ये स्वतःचे स्टेडियम उभे केले. त्याच्या बोधचिन्हावर राखेतून उठणारा फिनिक्स आहे.

जुलै 2011 मध्ये दोन सामने झाले. सायप्रसमध्ये अनोर्थोसिस 3-0 ने जिंकला. जॉर्जियात गाग्रा 2-0 ने. एकूण गोलांत एका गोलाने गाग्रा बाहेर पडला. निकालपत्रात प्रत्येकी एकदा दोघेही यजमान आहेत. प्रत्यक्षात एकही सामना फामागुस्तात झाला नाही, एकही गाग्रात नाही. दोन यजमान, आणि दोघांनाही आपल्या घरी पाहुण्याला बोलावता येत नव्हते.

इथेच लेख थांबवला तर वाचकाची सहानुभूती एकाच बाजूला जाईल आणि ते इतिहासाला धरून होणार नाही. गाग्राचे मैदान ओस पडलेले नाही. तिथल्या स्टेडियमला दाउर अख्व्लेदियानी याचे नाव आहे. तो दिनामो सुखुमीचा फुटबॉलपटू. 1993 मध्ये अबखाझ बाजूने लढताना तो मारला गेला. निर्वासित संघाला ज्या मैदानाची ओढ, ते मैदान दुसऱ्या बाजूच्या एका खेळाडूचे स्मारक आहे. त्याच्या शोकाचे काय करायचे, याचे उत्तर तिबिलिसीतल्या संघाच्या नावात नाही.

2016 च्या मे-जूनमध्ये या मैदानावर आणि सुखुमीत ‘कोनिफा’ची जागतिक स्पर्धा झाली. फिफाचे सदस्य नसलेल्या समूहांची ही स्पर्धा. अंतिम सामन्यात यजमान अबखाझियासमोर होता पंजाब, म्हणजे ब्रिटनमधल्या पंजाबी वस्तीचा संघ. 1-1 अशी बरोबरी झाली आणि पेनल्टींवर अबखाझिया जिंकला. फाळणीने चिरलेल्या प्रांताच्या नावाने परदेशात वाढलेली मुले खेळली, आणि तीही अशा भूमीत, जिथे रशियाच्या बाजूने शिरणे जॉर्जियाच्या कायद्याने गुन्हा ठरते. गाग्राच्या गवतावर दूरदूरचे संघ धावले. गाग्रा नावाचा संघ तेवढा तिथे नव्हता.

त्यानंतर 2020 मध्ये गाग्राने पुन्हा जॉर्जियन चषक जिंकला. 1992 च्या ऑक्टोबरनंतर जन्मलेल्या खेळाडूंची ही पिढी. ज्या गावाचे नाव छातीवर, त्या गावचा समुद्र त्यांनी पाहिलेला असणे अवघडच. आईबापांसाठी जो पत्ता होता, तो मुलांसाठी क्लबचे नाव झाला. नाव टिकले की गावावरचा हक्क टिकतो, असे काहींना वाटते. काहींना वाटते की नावानेच जखम ओली राहते. मला दोन्ही अपुरे वाटते. नाव एवढेच करते की इथून कुणीतरी गेले, ही गोष्ट दर आठवड्याला छापून आणते. आणि अख्व्लेदियानीच्या नावाची पाटी सांगते की तिथे राहिलेल्यांनीही माणसे गमावली. या दोन नोंदी आज वेगवेगळ्या दप्तरांत आहेत. त्या एका पानावर कुणी मांडेपर्यंत जॉर्जियाच्या तक्त्यात गाग्राचे नाव यजमान म्हणून आधी छापले जाईल आणि सामना दुसऱ्याच गावी होईल.