टकलावरचं गोंदण

आष्टी-पाटोद्याकडच्या एखाद्या म्हातारीचा हात बघा. मनगटावर तुळस, त्याच्यावर विंचू, हनुवटीवर एकच ठिपका. गोंदलं तेव्हा हे सगळं काळं होतं; आज हिरवट-निळं दिसतं. टकलावर केस गोंदून देण्याच्या नव्या धंद्याची कुळकथा या हिरवेपणापासूनच सांगावी लागते.

गोंदणारणीचं भांडवल ते किती? दिव्याची काजळी आणि दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीन-चार सुया. काजळी म्हणजे कार्बन. हातानं टोचलेली सुई कुठे वर राहते, कुठे खोल जाते, आणि काळा रंग जितका खोल तितका तो कातडीवरून निळसर दिसतो. कातडीतल्या भक्षक पेशी रंगाचे कण गिळून बसतात. एक पेशी मेली की तिचा रंग दुसरी उचलते. फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवर हे दाखवलं. म्हणून गोंदण जन्मभर टिकतं.

सुईला यंत्र मिळालं ते कागदामुळे. एडिसननं 1876 साली विजेच्या पेनाचं पेटंट घेतलं. ते कागदाला बारीक भोकं पाडायचं आणि त्यावरून मजकुराच्या प्रती निघायच्या. त्याच धर्तीवर न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीनं 1891 मध्ये गोंदण्याच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. जत्रेत बॅटरीवर घरघरणारं यंत्र त्याचंच वंशज. पुढे डॉक्टरांनी गोंदण व्रण झाकायला वापरलं, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटनमध्ये टकलासाठी त्याचा धंदा उभा राहिला. नाव पडलं स्काल्प मायक्रोपिगमेंटेशन.

रंग बहुधा कार्बनचाच, म्हणजे आजीची काजळीच म्हणा ना! कसब आहे ते खोलीत. सुई कातडीच्या वरच्या थराखाली जेमतेम उतरवायची, ठिपका नुकत्या भादरलेल्या केसाच्या बुडाएवढा ठेवायचा. कपाळावरची कड चांगला कारागीर कधीच सरळ आखत नाही. पुढे विरळ, मागे दाट असे ठिपके मुद्दाम वेडेवाकडे टाकतो, कारण खऱ्या केसांची कड सरळ नसतेच. काम दोन-तीन बैठकांत होतं, काही वर्षांनी फिकटतं, मग पुन्हा टोचून घ्यावं लागतं. सुई खोल गेली तर ठिपके फुटून पसरतात आणि डोकं हिरवट-निळं होतं. आजीच्या हातावर तो रंग शोभतो. लग्नाला उभ्या राहिलेल्या पोराच्या टाळूवर नाही.

शिवाय यात एकही केस उगवत नाही. डोकं कायम बारीक भादरलेलं ठेवायचं, तरच ठिपके केसांसारखे दिसतात. ज्याला हे पटतं त्यानं खुशाल करून घ्यावं, सोंग म्हणून ते उत्तम वठतं.

चाई पडली असेल तर मात्र आधी गोंदायला धावू नका. चाईत गेलेले केस पुष्कळदा परत येतात. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाला डोकं दाखवा. आणि गोंदायचंच ठरलं तर सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढायला सांगा. एकाची सुई दुसऱ्याला लागली तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही पसरू शकतात.